वाढणाऱ्या पायाचं माप

“वाढला! वाढला गं बाई, वाढला!”

शिवणघराच्या लांबलचक दालनात एकच गलका उठला. जेवणाची सुट्टी होती, पण डब्यांची झाकणं उघडी ती उघडीच राहिली. मशिनी गप्प होत्या आणि दालनातली चाळीस माणसं एका खुर्चीभोवती दाटली होती. मागचे पुढच्यांच्या खांद्यांवरून डोकावत होते, त्यांच्याही मागचे स्टुलांवर चढले होते. खुर्चीत पाय पुढे ताणून बसला होता इस्त्रीदादा. एरवी हा दांडगा गडी, वाफेच्या लोटात उभा राहून दिवसाला शंभर कोट सपाट करणारा. आत्ता मात्र त्याचा चेहरा नवं खेळणं हाती लागलेल्या पोरासारखा फुलला होता.

त्याच्या दोन्ही टाचा मणकेबुवांच्या तळहातांवर होत्या. घटकाभरापूर्वी उजवी टाच डावीपेक्षा चांगली अर्धा इंच मागे होती. सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग बुवांनी डोळे मिटले, टाचांवर फुंकर घातली आणि घुमायला सुरुवात केली:

“खांदी बसला, पाय रुसला!
भार हटला, पाय सुटला!”

तिसऱ्या खेपेला उजवी टाच हळूच पुढे सरकली. सरकत सरकत डावीच्या शेजारी येऊन टेकली, रुसलेली धाकटी बहीण थोरलीच्या कुशीत शिरावी तशी.

“कंबर का धरते?” बुवांनी गर्दीला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. “मान का आखडते? लोक म्हणतात, कामानं. काम बिचारं काय करील? तुमच्या खांद्यावर कुणीतरी बसलंय! दिसत नाही, पण बसलंय. त्याच्या भारानं एक पाय दबतो, पाय दबला की पाठ कलते, पाठ कलली की मान ओरडते. उपाय काय? तीन लहरी, सात कंपनं आणि एक फुंकर.”

“लहरी तीनच का हो, बुवा?” कापडाच्या कडा मशिनीवर बांधून काढणाऱ्या ओव्हरलॉकवालीनं विचारलं.

“चौथी तुला सोसायची नाही, बाळ.”

“आणि माझ्या खांद्यावर कोण बसलंय?”

बुवांनी तिच्या डोक्याच्या वर, छताच्या पंख्याकडे नजर लावली. “बाई आहे. वयस्क. गोरी. तुझ्याच घरातली.”

“अय्या, सासूबाई! पण त्या घरी आहेत, आत्ताच फोन येऊन गेला त्यांचा.”

“मग स्वतः बसल्या नसतील,” मागून कुणीतरी म्हणालं, “पिशवी ठेवून गेल्या असतील!”

हसून हसून स्टुलावरच्या दोघी खाली आल्या. टेपताईही हसली. कापड बेतायचं काम तिचं, आणि बावीस वर्षांत मोजायची टेप तिच्या गळ्यातून उतरलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून ती टेपताई. खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. फुकटचा खेळ, फुकटचं हसू, आणि वाकून वाकून लाकूड झालेली पाठ घटकाभर सरळ.

मग तिचं लक्ष खिडकीपाशी गेलं आणि हसू ओठांतच राहिलं. तिथं काजमावशी उभी होती. हात छातीशी धरलेले, बोटं बोटांना चोळत. ती हसत नव्हती. ती बुवांकडे बघत होती, नदीच्या पलीकडच्या तीरावर घर असलेला माणूस नावेकडे बघतो तशी.

काजमावशी कोटांची काजं हातानं भरायची. ज्या भोकातून बटण जातं त्या भोकाच्या कडेनं रेशमाचे टाके, एकाला एक लागून, जणू मुंग्यांची रांग. असं काज यंत्राला जमत नाही, म्हणून भारी कोट तिच्याकडे यायचे. वीस वर्षं ती मांडीवर कोट घेऊन, हनुवटी छातीला टेकवून टाके घालत आली होती. आणि गेल्या दोन महिन्यांपासून मुंग्या रेशमातून उठून तिच्या बोटांत शिरल्या होत्या.

त्याच सुमारास सगळ्यांनी मिळून मालकांना सांगितलं होतं की टेबलं बुटकी आहेत, स्टुलांना पाठ नाही, सगळ्यांच्या माना गेल्या. मालक “बघतो” म्हणाले होते. त्यांनी बघितलं ते मणकेबुवांना. कुठल्याशा ओळखीतून आठवडाभर, रोज जेवणाच्या सुट्टीत बुवांना बोलावलं. बुवांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, “टेबलं निर्दोष आहेत!” मालकांचा चेहरा असा उजळला की दालनातला एक दिवा बंद केला असता तरी चाललं असतं.

मंगळवारपर्यंत शिवणघर पार वेडं झालं. वाढलेला पाय संध्याकाळी पुन्हा आखडतो, असं बुवांनी सांगितलं होतं. मुरेपर्यंत त्या पायाच्या चपलेत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड पट्टी घालायची. पट्ट्या अर्थात बुवांच्याच पिशवीतून. त्यामुळे बहुतेक माणसं आता एका बाजूला कलून चालत होती. कोट घेऊन येणारी डावीकडे डुले, बटणं घेऊन जाणारी उजवीकडे डुले, आणि दारात दोघींची डोकी आपटली की दोघी एकदम म्हणत, “भार हटला, पाय सुटला!” तळ्यातून बदकांची रांग निघावी तसं ते दिसे. मालकसुद्धा आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर येताना थोडे तिरके यायचे.

इस्त्रीदादानं तर कमाल केली. पाय संध्याकाळी आखूड होतो, मग पँट घोट्यात लोळणार नाही का? म्हणून त्यानं एका पँटीचा उजवा पाय स्वतःच अर्धा इंच वर दुमडून घेतला. ही संध्याकाळची पँट. सकाळची वेगळी.

बुधवारी डबा खाताना मावशी टेपताईला म्हणाली, “शुक्रवारी बुवा माझी मान सोडवणार आहेत. माझा भार म्हणे पायानं सुटायचा नाही. एकच झटका द्यायचा, उजवीकडून डावीकडे. कट्ट असा आवाज होतो आणि बसलेला खाली पडतो.”

“आणि मान?”

“मान काय?”

“मान कुठे पडते?”

मावशी हसली नाही. तिनं आपला हात पुढे केला. “ही दोन बोटं बघ. काल सुई टोचली, रक्त आलं, आणि मला कळलंच नाही. कोटाला डाग पडला तेव्हा कळलं. सुई हातातून सुटली तर मी काय करू गं? काजाशिवाय मला काय येतं?”

“म्हणून तर म्हणते, डॉक्टरीणबाईंना दाखवू. मी येते तुझ्याबरोबर.”

“त्या म्हणतील, काम थांबवा. बुवा म्हणतात, चालू ठेव. सांग, कुणाचं ऐकू?”

“जो खरं सांगतो त्याचं.”

“खरं मी डोळ्यांनी पाहिलंय. पाय वाढतो. तू पाहिलंस, चाळिसांनी पाहिलं. तुला माझं बरं झालेलं बघवत नाही का?”

वीस वर्षं एका डब्यात हात घालणाऱ्या दोघी. मावशीनं आपला डबा उचलला आणि खिडकीशी जाऊन एकटीच जेवली. टेपताईनं अर्धा डबा तसाच झाकला. मावशीचं म्हणणं तरी खोटं कुठे होतं? टाच मागे होती. पुढे आली. तिनंही पाहिलं होतं.

गुरुवारी दुपारी इस्त्रीदादा कापायच्या टेबलाशी आला. कमरेला अस्तराचं निळं कापड गुंडाळलेलं, हातात अंगावरून उतरवलेली दुसरी पँट.

“ताई, हिचाही उजवा पाय अर्धा इंच वर घे. एक धुवायला गेली की पंचाईत होते.”

टेपताईनं पँट हातात घेतली आणि सवयीनं म्हणाली, “चपला काढ. सरळ उभा राहा. माप घेते.”

माप घेतल्याशिवाय या टेबलावर कात्री चालत नसे. कमरेच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या हाडापर्यंत टेप खाली आली. डावा साडेपस्तीस. उजवा साडेपस्तीस.

“आत्ता दुपार आहे ना,” दादा म्हणाला. “बुवांनी आत्ताच वाढवलाय. संध्याकाळी घे.”

सुट्टी व्हायच्या वेळी पुन्हा टेप. साडेपस्तीस, साडेपस्तीस. दादा डोकं खाजवू लागला.

“मग आखडतो तरी कधी?”

“तू झोपल्यावर आखडत असेल. तेव्हा पँट कशाला हवी तुला?”

दादा बुचकळ्यात पडून गेला. टेपताईला मात्र घाम फुटला. घाम अशासाठी की गेले चार दिवस या दालनात चाळीस माणसं होती, सगळी मापानं पोट भरणारी. कुणाचा एक खांदा पाव इंच उतरता आहे हे जी माणसं नुसत्या नजरेनं ओळखतात, त्यांच्यापैकी एकालाही आपल्याच पायाला टेप लावावीशी वाटली नव्हती. तिला स्वतःलाही नाही. कापड दिसलं की त्यांना माप सुचे. चमत्कार दिसला आणि टेप गळ्यातच राहिली.

पण मग टाच मागे दिसली ती कशी?

पँट अजून टेबलावर पसरलेली होती. कमरपट्टा हलू नये म्हणून तिनं त्यावर लोखंडी वजन ठेवलं होतं. घडी घालायला तिनं दोन्ही पाय एकत्र धरून पँटीच्या डाव्या बाजूला ओढले आणि थबकली. उजव्या पायाची किनार अर्धा इंच मागे होती.

तिनं पाय परत मधे आणले. किनारी जुळल्या.

उजवीकडे ओढले. आता डावा पाय आखूड!

कापायला शिकणाऱ्या नव्या पोरींना ती हे पहिल्याच दिवशी सांगायची. कंबर एका जागी आणि पाय तिरके, की एक पाय खोटा आखूड दिसतो. कात्री लावायच्या आधी कापड सरळ करा. कमरेची दोन टोकं एकमेकांपासून वीतभर लांब. दोन्ही पाय एका बाजूला वळवले की एका पायाची सुरुवातच मागे जाते, म्हणून त्याची टाचही मागे. पाय तेवढाच राहतो! बुवांचे तळहातही हेच करत होते.

टेपताईनं आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मग तिनं पँटीच्या दोन्ही टोकांवर फुंकर घातली, “खांदी बसला, पाय रुसला” म्हणत ती हळूहळू मधे आणली, आणि आपल्याच हातून घडलेल्या चमत्काराला इतकी हसली की टेबलावर डोकं ठेवून बसावं लागलं.

शुक्रवारी दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. मालकही आले होते. मधोमध स्टुलावर काजमावशी, गळ्याभोवती पांढरं कापड, डोळे घट्ट मिटलेले. बुवा दोन्ही पंजे एकमेकांवर चोळत तिच्या मागे उभे राहिले.

“थांबा, बुवा!” टेपताई गर्दी सारून पुढे आली. “तिच्या आधी माझा पाय वाढवा. आठवडाभर मी मागेच राहिले.”

“या, या! नास्तिकांवर आमचा जास्त लोभ.”

“तुम्ही मोठं काम करणार आहात, हात कशाला शिणवता? टाचा मावशी धरेल.” ती खुर्चीत बसली आणि पाय पुढे केले. “मावशी, रागावलीस तरी एवढं कर. तुझ्याइतकी बारीक नजर इथं कुणाची नाही. धर.”

मावशीनं डोळे उघडले. बुवांकडे पाहिलं, मैत्रिणीकडे पाहिलं, आणि स्टुलावरून उतरून टाचा हातात घेतल्या.

“सारख्या आहेत,” ती म्हणाली.

“आता दोन्ही पाय माझ्या डावीकडे ने. वीतभर. बस.”

मावशी टाचांकडे बघतच राहिली. एका धाग्याचा फरक ज्या डोळ्यांतून सुटत नव्हता, ते डोळे आता मोठे झाले. “अगं... उजवा मागे गेला.”

“मधे आण.”

“आला पुढे!”

“आता उजवीकडे.”

“डावा आखूड! अगं बाई, डावा आखूड!” मावशीनं पुन्हा मधे आणले, पुन्हा डावीकडे नेले, पुन्हा मधे. गर्दी पुढे झुकली. कुणीतरी खुदकन हसलं. “वाढला, आखडला, वाढला, आखडला,” ओव्हरलॉकवाली टाळ्या पिटत मोजू लागली.

बुवा एक पाऊल मागे सरले. मग दोन्ही हात वर करून गरजले, “पाहिलंत! माझी शक्ती या माउलीच्या हातात उतरली!”

“उतरली का?” टेपताई उठून उभी राहिली. “मग ती तुमच्यावर चालायची नाही. तुमचे पाय तर सिद्ध झालेले, त्यात सुताचा फरक नाही असं तुम्हीच सांगितलंत सोमवारी.”

“अर्थात नाही! पण आत्ता वेळ...”

“बसा ना बुवा, बसा,” इस्त्रीदादा प्रेमानं म्हणाला आणि त्याच प्रेमानं बुवांचे दोन्ही खांदे धरून त्यांना खुर्चीत ठेवलं. इस्त्रीदादाच्या प्रेमाला फार जोर होता.

मावशीनं बुवांच्या टाचा उचलल्या. डावीकडे नेल्या. सगळ्या दालनाला दिसलं.

“बुवा,” मावशी हळूच म्हणाली, “तुमचा उजवा आखूड आहे.”

“कोण बसलंय हो खांद्यावर?” मागून आवाज आला.

“बाई आहे! वयस्क! गोरी!”

“पिशवी घेऊन बसलीय!”

दालन फुटलं. चाळीस माणसं पोट धरून हसत होती. टेपताईनं त्या गोंधळातच टेप काढून बुवांच्या कमरेपासून घोट्यापर्यंत लावली आणि आकडा मोठ्यानं वाचला. दोन्ही बाजूंना सव्वाचौतीस. मग शेजारच्या खुर्चीत जो सापडेल त्याला बसवून जो तो पाय वाढवू लागला. कुणी डावा वाढवी, कुणी उजवा, आणि ओव्हरलॉकवालीनं चाल धरली:

“कंबर जागी, टाच फिरली,
बुवांची लहर तिथंच विरली!”

बुवा मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते खुर्चीवर उभे राहिले. “हसा! पण एक सांगा, आराम पडला की नाही? खरं बोला. हात वर करा!”

हसू ओसरलं. एकेक हात वर गेला. पंधरा, वीस, पंचवीस. इस्त्रीदादाचाही. खोटं कोण बोलणार? पडला होता आराम.

टेपताईनं ते हात पाहिले. मग तिनं आपलाही हात वर केला.

“मलाही पडला,” ती म्हणाली. “आणि मी तर बुवांना टाच दाखवलीच नव्हती.”

सगळे तिच्याकडे बघू लागले.

“आठवा. गेल्या आठवड्यापर्यंत आपण जेवत कसे होतो? एका हातात घास, दुसरा हात मशिनीवर. सकाळी बसलो की संध्याकाळी उठायचो. या आठवड्यात रोज अर्धा तास उठलो. चाललो. बुवांना बघायला माना वर केल्या. खांदे हलेपर्यंत हसलो. आराम त्या उठण्यानं पडला, बायांनो. तेवढ्यासाठी कुणी फुंकर घालायला नको. आणि ज्यांचा हात वर नाही, त्यांनी चपलेत काय घातलंय ते बघा. दोन सारख्या पायांतला एक मुद्दाम उंच केला तर कंबर दुखणार नाही तर काय?”

चपला उलट्या होऊ लागल्या. नमद्याच्या पट्ट्यांचा ढीग पडला. सगळ्यात शेवटी मालकांनी, कुणी बघत नाही असं समजून, आपला बूट काढला. सगळे बघत होते.

“मालक,” टेपताई म्हणाली, “टेबलं?”

मालकांनी पट्टीकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं. “सोमवारी सुताराला बोलावतो,” ते म्हणाले.

या सगळ्यात बुवांनी पिशवी कधी उचलली ते कुणाला कळलं नाही. कळलं ते एवढंच की काजमावशीनं गळ्याभोवतीचं पांढरं कापड सोडलं होतं. तिनं त्याची नीट चौकोनी घडी घातली, रिकाम्या स्टुलावर ठेवली आणि टेपताईला म्हणाली, “डॉक्टरीणबाई किती वाजेपर्यंत असतात?”

त्याच दुपारी दोघी गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मावशीचे हात दाबून पाहिले, बोटांना कापूस लावून कळतं का ते विचारलं, मानेच्या आतला फोटो काढायला लावला. मानेतल्या मणक्यांपाशी एक नस दबली होती. “अशा मानेला कुणी झटका दिला असता तर हात कायमचा जाऊ शकला असता,” त्या म्हणाल्या. “दुखणं वेगळं. मुंग्या, बधिरपणा, हातातून वस्तू सुटणं, ही धोक्याची खूण. तेव्हा एक दिवसही घालवायचा नाही.”

“काम सोडू?” मावशीनं विचारलं. हाच प्रश्न ती दोन महिने गिळत होती.

“तीन आठवडे थांबा. मग करा, पण असं नाही.” बाईंनी टेबलावर एक उशी उभी केली, तिच्यावर आपला रुमाल टाकला. “नजर कामापर्यंत खाली न्यायची नाही. काम नजरेपर्यंत वर आणायचं.”

सुतारानं टेबलं ठोकळ्यांवर चढवली, कुणाच्या कोपराला कुठली उंची बसते ते टेपताईनं मोजून दिलं. स्टुलांना पाठी लागल्या. कापडाचा तागा आता एकटं कुणी उचलत नाही. दोघं उचलतात, गुडघ्यांत वाकून, तागा पोटाशी धरून. आणि दर अर्ध्या तासानं ओव्हरलॉकवाली हाळी देते. मशिनी थांबतात, माणसं उठतात, खांदे फिरवतात, खिडकीपर्यंत जाऊन येतात. काम कमी होईल अशी मालकांना भीती होती. उसवावे लागणारे कोट कमी झाले, तेव्हा ती भीती गेली. सगळ्यांचं सगळं दुखणं संपलं असं नाही. इस्त्रीदादाची कंबर अजून कधीकधी बोलते. पण आता ती काय बोलते ते त्याला कळतं.

मावशीच्या एका बोटाला अजून थोडी बधिरता आहे. दुसरं बोट मात्र परत आलं. उभ्या उशीवर कोट ठेवून, मान सरळ ठेवून ती दिवसाला पूर्वीपेक्षा चार काजं कमी भरते आणि त्याचं तिला दुःख नाही.

परवा तिला दुसऱ्या एका शिवणघरातून फोन आला. तिथल्या एका ओळखीच्या बाईचा. आवाजात तोच आनंद, तीच घाई. “मावशी, आमच्याकडे एक बुवा आलेत! पाय वाढवतात! उद्या माझी मान सोडवणार आहेत. तू ओळखतेस म्हणे त्यांना?”

मावशीनं सुई उशीत खोचली.

“ओळखते,” ती म्हणाली. “बाई, तुझी मान दुखते ना, ते खोटं नाही. मला माहीत आहे कसं दुखतं ते. आधी त्या खुर्चीतून ऊठ आणि जरा चालून ये. तुझं टेबल किती उंच आहे ते बघ. हाताला मुंग्या येत असतील तर आजच डॉक्टरकडे जा, मी येते बरोबर. आणि उद्या त्या बुवांना म्हणावं, पाय वाढवायच्या आधी मला माप घेऊ द्या, वाढवल्यावर पुन्हा घेऊ द्या. घेऊ देतात का बघ. जो आपल्याला तपासू देत नाही ना, त्याच्या हातात आपलं डोकं ठेवायचं नाही.”

पलीकडून मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“उठले,” ती बाई म्हणाली. “आता टेप कुठून कुठपर्यंत लावायची, ते सांग.”